पार्लमेंटचा विश्वासू मुद्रक : ल्यूक हॅन्सार्ड

पुस्तक हाती घेतले की वाचकाची दृष्टी प्रथम ग्रंथकाराच्या नावाकडे जाते. मुद्रकाचे नाव कोठेतरी अखेरच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात दिलेले असते. ते वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. एका मुद्रकाच्या बाबतीत मात्र हा नित्याचा क्रम उलटा झाला आहे. लंडनच्या पार्लमेंटात गेल्या दोन शतकांत हजारो सभासद बोलून गेले. त्यांतील बहुतेकांची नावे आज अभ्यासकांच्याही स्मरणात नाहीत. परंतु त्यांची भाषणे ज्या ग्रंथमालेत जतन झाली, ती ग्रंथमाला एका मुद्रकाच्या कुलनामाने जगभर ओळखली जाते. केवळ इंग्लंडातच नव्हे, तर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांतही विधिमंडळाच्या अधिकृत इतिवृत्ताला हॅन्सार्ड असेच म्हणतात. हे नाव ज्या घराण्याचे, त्याच्या मूळपुरुषाचे म्हणजे ल्यूक हॅन्सार्ड यांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे, असे योजिले आहे.

राजे, सेनापती व साधुसंत यांच्या चरित्रांपासून आपणांस स्फूर्ती मिळते, यात संशय नाही. तथापि आपल्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारे काम रणांगणावरचे नसून कचेरीतले, दुकानातले किंवा कारखान्यातले असते. दुसऱ्याने सोपविलेले काम वेळेवर व बिनचूक पुरे करून द्यावयाचे, हेच त्या कामाचे स्वरूप. अशा कामातही माणूस मोठा होऊ शकतो काय, आणि झालाच तर त्याच्या मोठेपणाचा समाजाला कितपत उपयोग होतो, या प्रश्नाचे उत्तर हॅन्सार्ड यांच्या चरित्रात सापडते.

ल्यूकचा जन्म इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच या नगरात ५ जुलै १७५२ रोजी झाला. लोकरी कापडासाठी हे नगर त्या काळी विख्यात होते. वडील टॉमस हॅन्सार्ड हे कारखानदारी करीत. परंतु घराण्याला पुढे सुख लाभले ते वडिलोपार्जित संपत्तीमुळे नव्हे. मुलाचे शिक्षण लिंकनशायर परगण्यातील बॉस्टन गावच्या शाळेत झाले. शाळा सुटल्यावर नॉर्विचमध्येच स्टीफन व्हाइट नावाच्या मुद्रकाकडे त्याला उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. उमेदवारी म्हणजे त्या काळचे व्यावसायिक शिक्षणच. ठरलेली वर्षे संपेपर्यंत मुलाने मालकाच्या आज्ञेत राहावयाचे, पडेल ते काम करावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात धंद्याचे ज्ञान मिळवावयाचे, अशी ती रीत होती.

त्या वेळचा छापखाना कसा असे, याची थोडी कल्पना दिली पाहिजे. कारण हॅन्सार्ड यांच्या पुढील पराक्रमाचे मोल त्याविना कळावयाचे नाही. शिशाचे खिळे लाकडी पेट्यांतील लहान लहान घरांत ठेवलेले असत. जुळारी एका हातात पट्टी धरी व दुसऱ्या हाताने एकेक अक्षर उचलून ओळ जुळवी. ही अक्षरे आरशातल्यासारखी उलटी असल्याने नजर तयार व्हावी लागे. ओळींची पाने बांधावयाची, त्यांचे कच्चे मुद्रित काढून तपासावयाचे, चुका दुरुस्त करून फर्मा लोखंडी चौकटीत आवळावयाचा, एकाने कातडी गोळ्यांनी शाई लावावयाची, दुसऱ्याने ओलसर केलेला कागद चढवून दांडा ओढावयाचा, असा तो क्रम होता. दोन कसलेले इसम तासाभरात जास्तीत जास्त अडीचशे ताव एका बाजूने छापीत. काम संपले की तेच खिळे सोडवून पुन्हा ज्या त्या घरांत टाकावे लागत, तेव्हा कोठे पुढील पानांना अक्षरे मिळत. एका चुकीच्या खिळ्याने शंभराचे हजार होत आणि नकाराचा होकारही होई. अशा या धंद्यात ल्यूकची बोटे व डोळे तयार झाले.

उमेदवारी संपताच या तरुणाने लंडनचा रस्ता धरला. त्या वेळी त्याच्या खिशात अवघी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग होते. शंभराहून अधिक मैलांवरील त्या अफाट शहरात त्याला काम मिळाले ते ह्यूज यांच्या छापखान्यात, जुळाऱ्याचे. लिंकन्स इन फील्ड्स या चौकाजवळ असलेल्या या छापखान्याकडे हाऊस ऑफ कॉमन्सचे मुद्रण होते. नोकरी सामान्यच, परंतु ज्या कामाने त्याचे नाव अमर व्हावयाचे होते, त्याच्या दाराशी तो येऊन पोहोचला होता.

येथे पार्लमेंटच्या मुद्रणाचा इतिहास थोडक्यात सांगणे इष्ट होईल. सभेत जे बोलले जाते ते बाहेर प्रसिद्ध करणे हा कॉमन्स सभा आपला अधिक्षेप समजत असे. १७३८ साली तिने ठराव करून भाषणांच्या वृत्तांताला सक्त मनाई केली होती. १७७१ साली काही मुद्रकांना पकडण्याच्या प्रकरणावरून सभा व लंडन शहराचे अधिकारी यांच्यात मोठा तंटा झाला, शहराचा मेयर टॉवरच्या कैदेत गेला, आणि त्यानंतर ही मनाई प्रत्यक्षात ढिली पडली. भाषणांची कथा अशी असली, तरी सभेचे ठराव, आदेश व कामकाज नोंदविणारी रोजनिशी मात्र सभा स्वतःच्या हुकुमाने छापून घेई. या रोजनिशीला जर्नल्स म्हणत. तिचे मुद्रण करण्याची आज्ञा १७४२ साली झाली होती, आणि प्रारंभीचे ते काम सॅम्युएल रिचर्डसन या मुद्रकाने केले. कादंबरीकार म्हणून इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना जो रिचर्डसन ठाऊक आहे, तोच हा. जर्नल्सशिवाय विधेयके, समित्यांचे अहवाल, हिशेबांचे तक्ते व साक्षीपुरावे छापावे लागत, ते निराळेच.

हॅन्सार्ड यांनी या कामात मन घातले. थोड्याच वर्षांत मालकाने त्यांची योग्यता ओळखली आणि १७७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांना आपले भागीदार करून घेतले. तेव्हापासून छापखान्याचा जवळजवळ सर्व कारभार त्यांच्यावर येऊन पडला. जर्नल्सचे मुद्रण त्यांनी या वर्षी हाती घेतले ते देहावसानापर्यंत सोडले नाही. चोपन्न वर्षे एकच माणूस एका राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेची रोजनिशी छापीत होता! या काळात राजे बदलले, प्रधान बदलले, अमेरिका स्वतंत्र झाली, फ्रान्सात राज्यक्रांती झाली, नेपोलियन उदयास येऊन लयास गेला. सभेच्या पाठीमागील हा मुद्रक मात्र तोच राहिला.

सरकारी कामाबरोबर खासगी ग्रंथमुद्रणही चाले, आणि त्यामुळे विद्वानांशी त्यांचा स्नेह जडला. डॉ. जॉन्सन व एडमंड बर्क यांच्याशी त्यांची मैत्री होती. फ्रेंच राज्यक्रांतीवरील बर्क यांचा १७९० सालचा गाजलेला ग्रंथ त्यांच्याच छापखान्यात छापला गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म हाही त्यांच्या मित्रमंडळात होता. मोगल व मराठे यांच्याविषयी लिहिताना शिवछत्रपतींच्या काळाचा धांडोळा घेणाऱ्या आरंभीच्या इंग्रज लेखकांपैकी हा एक, म्हणून महाराष्ट्रीय अभ्यासकांना तो परिचित आहे. ग्रीक भाषेचे प्रकांड पंडित रिचर्ड पोर्सन यांनी तर ग्रीक मजकूर छापण्यात हॅन्सार्ड यांच्याइतका बिनचूक मुद्रक दुसरा नाही, असा निर्वाळा दिला होता. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या माणसाला पंडितांच्या पंडिताने दिलेले हे प्रशस्तिपत्र सामान्य नव्हे.

तथापि त्यांची खरी कसोटी सरकारी कामातच लागे. १७९० नंतरच्या दशकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या वाऱ्याने इंग्लंडचे राज्यकर्ते धास्तावले होते. पार्लमेंटच्या गुप्त समितीने त्यासंबंधी अहवाल सिद्ध केला. प्रधानमंत्री विल्यम पिट यांच्या हातून मसुदा बाहेर पडल्यावर चोवीस तासांच्या आत त्याची मुद्रिते हॅन्सार्ड यांनी त्यांच्यापुढे आणून ठेवली. खिळा खिळा हाताने जुळविण्याच्या त्या काळात ही गोष्ट आश्चर्य वाटावी अशीच होती. शिवाय मजकूर गुप्त. तो छापखान्यातून बाहेर फुटता कामा नये, हीही जबाबदारी होतीच. घाईत चूक होते आणि चूक टाळू गेल्यास उशीर होतो, असा आपला नित्याचा अनुभव आहे. त्वरा व अचूकता या दोन सवतींना एका घरात नांदविणे हेच हॅन्सार्ड यांचे वैशिष्ट्य.

१८०० साली छापखाना पूर्णपणे त्यांच्या मालकीचा झाला. पुढे पुत्रही धंद्यात सामील झाले आणि ल्यूक हॅन्सार्ड आणि पुत्र असे पेढीचे नाव पडले. त्याच सुमारास कामाचा भार एकाएकी वाढला. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडचे पार्लमेंट ब्रिटिश पार्लमेंटात विलीन झाले, शंभर आयरिश सभासद कॉमन्समध्ये येऊन बसले, आणि त्या देशाच्या कारभाराचे कागदही लंडनला छापावे लागू लागले. हॅन्सार्ड यांनी तेव्हा एक कठीण निर्णय घेतला. सभेचे अधिवेशन चालू असताना खासगी ग्राहकांचे काम घ्यावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. ग्रंथमुद्रणातील कीर्ती व प्राप्ती त्यांनी एका कर्तव्यासाठी बाजूला सारली.

कामाबरोबर खर्चही वाढू लागला. येथे त्या काळच्या सरकारी व्यवस्थेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. सरकारी कचेऱ्यांना कागद, शाई, लेखण्या पुरविण्याचे हक्क पूर्वी राजाच्या सनदेने काही असामींना दिलेले असत. काम दुसऱ्यांनी करावे आणि नफा सनदवाल्यांनी घ्यावा, असा तो प्रकार होता. हा अपव्यय थांबविण्यासाठी १७८६ साली लंडनमध्ये सरकारचे स्टेशनरी ऑफिस स्थापन झाले. ब्रिटिश सरकारच्या अधिकृत मुद्रणसंस्थेचा उगम तो हाच. आरंभी तिच्याकडे केवळ लेखनसाहित्याचा पुरवठा होता. हळूहळू सरकारी मुद्रणाची देखरेख व हिशेबतपासणीही तिच्याकडे आली. १८३८ पासून १८६४ पर्यंत जे. आर. मॅक्युलॉक यांच्यासारखा नामांकित अर्थशास्त्रज्ञ या कचेरीचा प्रमुख होता, यावरून तिच्या हिशेबी वृत्तीची कल्पना येते. जनतेच्या पैशाने होणारे मुद्रण काटकसरीने व्हावे, हा विचार असा मूळ धरू लागला असताना हॅन्सार्ड यांनीही आपण होऊन अहवालांचा मुद्रणखर्च कमी करण्याच्या अनेक युक्त्या काढल्या. काम वाढले की मोबदला वाढतो. तेव्हा खर्च घटविणारा मुद्रक म्हणजे आपल्याच उत्पन्नाला कात्री लावणारा माणूस. सरकारी कंत्राटदाराच्या ठायी असा गुण विरळाच.

१८०५ साली एक बिकट प्रसंग ओढवला. कामाची ऐन गर्दी असताना छापखान्यातील कामगारांनी संप पुकारला. सभेचे कागद अडून राहण्याची वेळ आली. तेव्हा पन्नाशी ओलांडलेले हॅन्सार्ड व त्यांचे पुत्र स्वतः खिळ्यांच्या पेट्यांपुढे उभे राहिले आणि जुळाऱ्याचे काम करू लागले. मालकीण होऊनही घरातील स्वयंपाक न विसरलेल्या गृहिणीप्रमाणे, मालक होऊनही ते आपली मूळ कला विसरले नव्हते. येथे मात्र एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्या काळी कामगारांनी वेतनवाढीसाठी एकत्र येणे हाच १७९९ व १८०० च्या कायद्यांनी गुन्हा ठरविला होता. महागाईने त्रासलेल्या जुळाऱ्यांची बाजूही होती. ती मांडण्याचा सनदशीर मार्ग त्यांना मोकळा नव्हता. हॅन्सार्ड यांच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक करताना त्यांच्या कामगारांची अडचण विसरणे उचित होणार नाही.

छापून वाटलेला कागद लवकर नाहीसा होतो. समितीचा अहवाल आज हातोहात फिरतो आणि दहा वर्षांनी शोधू गेल्यास त्याची एक प्रत मिळत नाही. चार्ल्स अॅबट हे १८०२ ते १८१७ पर्यंत कॉमन्सचे सभापती होते. त्यांची दृष्टी या उणिवेकडे गेली, आणि त्यांना हॅन्सार्ड यांच्यासारखा सहकारी लाभला. जर्नल्समध्ये न आलेले अठराव्या शतकातील समित्यांचे महत्त्वाचे अहवाल एकत्र करून ग्रंथरूपाने पुन्हा छापण्यात आले. विखुरलेले जुने कागद गोळा करून त्यांचे ११० खंडांचे संच बांधविण्यात आले, आणि नव्या कागदांची वर्षवार बांधणी व सूची करण्याची शिस्त लागली. मुद्रक हा येथे दप्तरदार झाला. आपल्याकडे पेशवे दप्तराचे रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सूचीशिवाय दप्तर म्हणजे किल्लीशिवाय कोठार, हे सांगावयास नको.

या कागदांत काय होते, असे कोणी विचारील. पाने नुसती चाळली तरी त्या काळचे जग डोळ्यांपुढे उभे राहते. १८१६ साली गिरण्यांतून राबणाऱ्या मुलांच्या स्थितीची चौकशी झाली. १८१७ साली धुराड्यांत उतरून काजळी झाडणाऱ्या बालकांची. त्या साक्षी छापल्या गेल्या नसत्या, तर समितीच्या खोलीबाहेर त्या कोणाला कळल्या नसत्या. आपल्या देशाचा संबंधही यात थोडा नाही. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धासंबंधीचे कागद कॉमन्सच्या आज्ञेने १८०४ साली छापले गेले. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्याशी लढाई का झाली, याचा जाब कंपनीच्या गव्हर्नर जनरलला निदान कागदोपत्री तरी द्यावा लागला. कंपनीच्या महसूल व न्यायव्यवस्थेचे वर्णन करणारा १८१२ चा पाचवा अहवाल हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचा प्रत्येक विद्यार्थी आजही उघडतो. बंगालमधील सतीच्या चालीविषयीचे कागद १८२१ साली छापले गेले. हे सर्व हॅन्सार्ड यांच्या हयातीत घडले. ज्यांच्या जुलमाचा पुरावा त्यांनीच छापून ठेवावा, ही इतिहासाची मोठी मौजेची गोष्ट आहे. पुढे निळ्या वेष्टनामुळे या अहवालांना निळी पुस्तके असे नाव पडले. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याची फिर्याद मांडली ती सरकारी आकड्यांच्याच आधारे. आणि नामदार गोखले १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्षीस उभे राहिले, तेव्हा सरकारी हिशेबांचा त्यांचा अभ्यास हेच त्यांचे शस्त्र होते. आकडा चुकीचा छापला गेला, तर त्यावर उभारलेला युक्तिवाद कोसळतो. मुद्रकाच्या प्रामाणिकपणाचे फळ अशा रीतीने पिढ्यांनंतर, आणि परक्या देशातील पीडितांनाही मिळाले.

आता एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ज्या भाषणसंग्रहाला हॅन्सार्ड म्हणतात, तो ल्यूक यांनी छापलेला नाही. तो त्यांचे ज्येष्ठ पुत्र टॉमस कर्सन हॅन्सार्ड यांच्या नावाने रूढ झाला. या पुत्राने वडिलांपासून वेगळा छापखाना काढला. विल्यम कॉबेट नावाचे निर्भीड पत्रकार वर्तमानपत्रांतील वृत्तांतांच्या आधारे पार्लमेंटमधील भाषणे १८०३ पासून संकलित करून प्रसिद्ध करीत, त्यांचे मुद्रक हे टॉमस हॅन्सार्ड. शिपायांना फटके मारण्याच्या शिक्षेवर कॉबेट यांनी आपल्या साप्ताहिकात कडक टीका केली, त्याबद्दल १८१० साली त्यांना दोन वर्षांची कैद झाली. ते साप्ताहिक छापल्याबद्दल मुद्रक हॅन्सार्ड यांनाही तीन महिने तुरुंगात जावे लागले. सरकारचे कागद निष्ठेने छापणाऱ्या पित्याचा पुत्र सरकारच्याच कैदेत बसला! त्या दिवसांत या वृद्ध पित्याच्या मनाची स्थिती काय झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पैशाच्या अडचणीत सापडलेल्या कॉबेट यांनी १८१२ साली भाषणसंग्रह टॉमस यांना विकला, आणि १८२९ पासून त्याच्या मुखपृष्ठावर हॅन्सार्ड हे नाव झळकू लागले. मुद्रणकलेवर टॉमस यांनी १८२५ साली लिहिलेला ग्रंथही जाणकारांत मान्यता पावला.

ल्यूक हॅन्सार्ड मुखपृष्ठावरील ते नाव पाहण्यास राहिले नाहीत. २९ ऑक्टोबर १८२८ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मुद्रक व ग्रंथविक्रेते यांचा स्टेशनर्स कंपनी हा जुना व्यवसायसंघ लंडनमध्ये आहे. आपल्याकडील ज्ञातिसंस्थांप्रमाणेच तो गरजू सभासदांना साहाय्य करी. या संघाला हॅन्सार्ड यांनी देणग्या दिल्या. त्यांतून वृद्ध व्यवसायबंधूंना मदत व्हावी, आणि नव्याने उमेदवारीस लागणाऱ्या मुलांना प्रार्थनेचे पुस्तक भेट मिळावे, अशी व्यवस्था केली. एके काळी आपणही असेच उमेदवार होतो, ही आठवण त्यांनी जन्मभर जागती ठेवली होती.

पित्याच्या पश्चात पार्लमेंटचा छापखाना जेम्स व ल्यूक ग्रेव्ह्ज या धाकट्या पुत्रांच्या हाती राहिला, आणि लवकरच त्यांच्यावर मोठे संकट आले. १८३५ साली कॉमन्स सभेने आपले कागद जनतेला विकत मिळावेत असे ठरविले. त्यानंतर तुरुंग-निरीक्षकांचा एक अहवाल छापला गेला. न्यूगेटच्या तुरुंगात कैद्यांच्या हाती एक अश्लील पुस्तक आढळल्याचा उल्लेख त्यात होता. त्या पुस्तकाचा प्रकाशक स्टॉकडेल याने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. सभेवर नव्हे, मुद्रकावर. हॅन्सार्ड यांनी सभेच्या आज्ञेकडे बोट दाखविले. परंतु मुख्य न्यायाधीश लॉर्ड डेनमन यांनी असा निर्णय दिला, की एका सभागृहाच्या आज्ञेने देशाचा कायदा बाजूस सारता येत नाही. सहाशे पौंडांची भरपाई मुद्रकावर बसली. ती वसूल करणाऱ्या शेरिफांनाच सभेने १८४० च्या जानेवारीत अटकेत टाकले! न्यायालय व लोकप्रतिनिधी यांच्या या झुंजीत मुद्रक मात्र जात्याच्या दोन तळ्यांमध्ये सापडला होता. अखेर त्याच वर्षी एप्रिलमध्ये कायदा झाला. सभागृहाच्या आज्ञेने छापलेल्या कागदांबद्दल कोणालाही न्यायालयात खेचता येणार नाही, असे संरक्षण त्याने मिळाले.

या घटनेचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाने संसदेच्या, आणि १९४ व्या अनुच्छेदाने राज्य विधिमंडळांच्या अधिकाराने प्रसिद्ध होणाऱ्या अहवालांना व कामकाजाला असेच संरक्षण दिले आहे. लंडनमधील एका छापखानदार कुटुंबाने सोसलेल्या कोर्टकचेरीचे फळ आपल्या घटनेच्या पानांत असे विसावले आहे.

हॅन्सार्ड घराण्याचा छापखान्याशी असलेला संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपला. टॉमस यांच्या पुत्राने भाषणसंग्रहाचे हक्क १८८९ साली सोडले. १९०९ पासून कॉमन्स सभेने स्वतःचे वृत्तलेखक नेमून अधिकृत इतिवृत्त सुरू केले, आणि ते सरकारी स्टेशनरी ऑफिसातर्फे प्रसिद्ध होऊ लागले. मधल्या काळात मुखपृष्ठावरून हॅन्सार्ड हे नाव गळाले होते. पण लोकांच्या तोंडून ते गेले नाही. अखेर १९४३ साली, महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, सभेने ते नाव सन्मानाने परत छापले. पुढे १९९६ साली स्टेशनरी ऑफिसचा व्यापारी भाग सरकारने खासगी मालकीस विकला. संस्था बदलली, यंत्रे बदलली, शिशाचे खिळे वस्तुसंग्रहालयात गेले. नाव तेवढे टिकले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? लोकांच्या नावाने जे केले जाते ते लोकांना वाचावयास मिळाले पाहिजे, आणि जे मिळते ते खरे असले पाहिजे. ही गोष्ट केवळ कायदे करणाऱ्यांच्या हाती नसते. नोंद लिहिणारा, नक्कल करणारा, खिळे जुळविणारा, मुद्रित तपासणारा, या सर्वांच्या प्रामाणिकपणावर ती उभी असते. राष्ट्राच्या संसदेला जे लागू आहे ते आपल्या लहानशा संस्थेलाही लागू आहे. दरवर्षी या स्मरणिकेबरोबर आपला वार्षिक अहवाल व ताळेबंद छापला जातो. तो वेळेवर निघावा, त्यातील आकडे बरोबर असावेत, जुने अहवाल क्रमवार बांधून ठेवावेत, यासाठी काही मंडळी रात्री जागून खपत असतात, आणि त्यांची नावे कोठे छापलेली नसतात. पुढील पिढीतील एखादा मुलगा वा मुलगी शिष्यवृत्तीच्या निधीचा हिशेब पाहण्यासाठी हे अहवाल उघडील, तेव्हा त्याला वा तिला तेथे सत्य सापडावे. एक गिनी खिशात घेऊन लंडनला आलेल्या त्या जुळाऱ्याने चोपन्न वर्षे हेच केले.